साडेबारा खेपा

सतरा दिवस आमची गाडी आवारात उभी होती आणि सतरा दिवस दादा ती रोज धूत होता. पहिल्या दिवशी धुळीसाठी धुतली, दुसऱ्या दिवशी हौसेसाठी, आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्यावरच्या रागासाठी. तोंडानं काही बोलत नव्हता. बादली मात्र जरा जोरात आपटत होता. चाकं वहिनी धुवायची, कारण त्याला वाकवत नव्हतं.

मालाची गाडी आमची एकच. दादा चालवतो, मी माल शोधते. वडील गेल्यापासून अशीच वाटणी आहे. रस्ता त्याचा, टेबल माझं. टेबल म्हणजे आवाराच्या कडेची एक खोली, दोन खुर्च्या, एक पंखा, एक फोन. त्या फोनकडे बघून बघून माझे डोळे दुखायला लागले होते. मुका प्राणीसुद्धा इतका वेळ गप्प बसत नाही.

वहिनी चहा घेऊन आली. तिला जोडून बोलायची सवय आहे. रागावली तरी यमक सोडत नाही, आणि यमकात रागावली की जास्त लागतं.

"उभ्या गाडीला रोज न्हाणं, मुक्या फोनला रोज गाणं," ती म्हणाली. "वन्सं, आज तरी वाजणार का तो?"

"वाजेल."

"काल पण 'वाजेल'च होतं."

"वहिनी, आकडा खोटा नाही. माल येणार आहे."

"मी कुठं म्हणते खोटा आहे? आकडा खरा आहे, गाडी खरी आहे, ह्यांची पाठ खरी आहे. एक माल तेवढा कुठं अडकलाय कोण जाणे."

कप ठेवला आणि गेली. तिच्या 'ह्यांची पाठ' म्हणण्यात सगळं आलं होतं.

दादाच्या पाठीचं दुखणं दोन वर्षांचं. गाडीतून उतरताना तो दाराला धरून आधी मनात तीन मोजतो, मग पाय खाली सोडतो. मी खिडकीतून ते बघते आणि त्याच्याबरोबर तीन मोजते. डॉक्टर म्हणाले होते, गाडी सोडा. पण गाडी सोडून माणूस काय धरणार, ते डॉक्टर कधी लिहून देत नाहीत.

आणि मग धरायला काहीतरी आलं होतं. कारखान्यांच्या रस्त्याला वजनकाटा आहे, भरलेल्या गाड्या तिथं तोलून पुढं जातात. तिथं बसून वजनाच्या चिठ्ठ्या लिहायची जागा निघाली. खुर्ची, खिडकी, डोक्यावर पंखा, संध्याकाळी सहाला घरी. काट्यावरच्या बाईंनी दादाला स्वतः बोलावून विचारलं होतं, आणि शनिवारपर्यंत सांगा म्हणाल्या होत्या.

शुक्रवारी जेवताना दादानं विषय काढला. मी हातातला घास खाली ठेवला आणि त्याला आकडा सांगितला.

"तीस हजार खोकी, दादा. महिन्याला."

त्याचा घास हातातच राहिला.

आमच्या वडिलांनी मला हा धंदा असा शिकवला, की गाडी कुणालाच नको असते. लोकांना भिंत हवी असते, भांडी हवी असतात, धुतलेले कपडे हवे असतात, आणि त्या हवेपणाच्या पाठीमागून गाडी जाते, लग्नाच्या मागून वाजंत्री जातात तशी. म्हणून गाडीला काम कधी मिळेल, ते गाड्यांच्या तळावर बसून कळत नाही. मी शहरभर हिंडते. कुठं पायाचं खोदकाम दिसलं की वहीत लिहून ठेवते, चार महिन्यांनी फरशीच्या खेपा लागणार. शाळा उघडायच्या दीड महिना आधी कागदाचा माल हलतो. ऊन वाढलं की पंखे, ऊन उतरलं की रंगाचे डबे. डिझेल महागलं की व्यापारी अर्ध्या गाडीचा माल पाठवत नाहीत, पूर्ण गाडी भरेपर्यंत थांबतात, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही थांबतो. नवा पूल झाला तेव्हा सगळे आनंदले होते. मीच एकटी रडकुंडीला आले होते, कारण वाट तीस कोसांनी आटली आणि आमचं निम्मं भाडं त्या पुलाखालून वाहून गेलं.

सहा वर्षांत माझा अंदाज दोनदाच चुकला होता, तोही थोडाथोडका. दादा चौकात सांगायचा, "माझ्या बहिणीला माल कारखान्यात तयार व्हायच्या आधी दिसतो." ऐकून मला बरं वाटायचं. इतकं बरं वाटणं चांगलं नसतं.

या वर्षी फरशीचा कारखाना मंदावला होता. घरं बांधणारे हात आखडून बसले होते. उरला होता साबणाच्या पावडरीचा कारखाना. त्यांची महिन्याला अठरा हजार खोकी जायची. आमच्या गाडीत ती खोकी बरोबर बाराशे बसतात, सगळ्यांच्याच गाडीत बसतात. म्हणून आमच्या आवारात 'गाडी' म्हणजे बाराशे, असंच बोलणं आहे. अठरा हजार म्हणजे पंधरा गाड्या. त्यातल्या बारा खेपा कारखान्याचा नेहमीचा ठेकेदार करायचा, तीन आम्हाला.

पुठ्ठ्याची खोकी बनवणारे काका माझ्या ओळखीचे. साबणवाल्यांची खोकी तेच पुरवतात. माल बनायच्या आधी खोकं बनतं, म्हणून मी त्यांच्याकडे अधूनमधून चहाला जाते. त्या आठवड्यात गेले तर ताडपत्रीखाली खोक्यांच्या सपाट गड्ड्या बांधून छतापर्यंत लावलेल्या. काका म्हणाले, "साबणवाले एकदम तीस हजारावर गेलेत. दर महिन्याला. रात्रपाळी लावावी लागणार." मी चहा अर्धा टाकून घरी पळत आले. तीस हजार म्हणजे पंचवीस गाड्या. ठेकेदाराच्या बारा गेल्या तर उरल्या तेरा. तेरा खेपा आम्हाला! एका हंगामात दादा एक हमाल आणि एक जोडीदार ड्रायव्हर ठेवू शकला असता, पाठ टेकून बसला असता.

"शनिवारी काट्यावर जाऊन नाही म्हणून सांग," मी म्हटलं होतं.

"बरं," तो म्हणाला होता. आणि वहिनी उठून आत गेली होती, यमकाशिवाय.

तेव्हापासून सतरा दिवस.

साबणाच्या कारखान्यात माल पाठवायचं काम ज्याच्याकडे आहे त्याला सगळे 'नंतर-बघू' म्हणतात. त्याला खरं नाव असेलच, पण ते त्याच्या आईलाही आता आठवत नसेल. मी रोज फोन करत होते.

"साहेब, गाडी तयार आहे."

"हो का? छान. नंतर बघू."

"साहेब, कधी?"

"अहो ताई, नंतर म्हणजे नंतर. आधी असतं तर आधी म्हटलं नसतं का?"

अठराव्या दिवशी सकाळी दादा फडकं घेऊन पुन्हा गाडीकडे निघाला तेव्हा माझ्यानं बघवेना. मी चपला घातल्या आणि आधी खोकेवाल्या काकांकडे गेले. म्हटलं, आकडाच चुकीचा ऐकला असेन.

काकांनी वही उघडून दाखवली. तीस हजार. पाठवले, पोचले, पावती आली. पुढच्या महिन्याचे तीस हजार मशीनवर चालू.

"मग माल जातोय कुठं, काका? उडून जातोय?"

"मला काय विचारतेस? मी खोकं करतो. खोक्यात काय जातं आणि खोकं कुठं जातं, ते माझ्या वहीत नसतं."

मी तिथून साबणाच्या कारखान्यावर गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला बाकावर बसवलं. बाक उन्हात होता. सावलीतल्या बाकावर त्याचा डबा बसला होता. दोन तास मी कारखान्याचं फाटक बघत बसले. ठेकेदाराची गाडी आत गेली, भरून बाहेर आली. एकच. गर्दी नाही, घाई नाही. जिथं महिन्याला पंचवीस गाड्यांचा माल निघतोय तिथं निदान मागं दुसरी गाडी उभी हवी, शिव्या ऐकू यायला हव्यात. इथं तर दुपारच्या देवळासारखी शांतता.

शेवटी नंतर-बघू स्वतःच जेवून हात पुसत बाहेर आला, आणि मी त्याला फाटकातच धरलं.

"साहेब, तीस हजार खोकी महिन्याला भरताय ना तुम्ही?"

"अरे वा, तुम्हाला बरं ठाऊक! हो. खप दणकून वाढलाय."

"मग गाड्या का नाही लागत?"

तो आत वळला. मग म्हणाला, "या."

गोदामात थप्प्या लागल्या होत्या. त्यानं वरचं एक खोकं काढून माझ्या हातात दिलं. मी सवयीनं दोन्ही हात पुढं केले होते, पाय रोवले होते. खोकं एका हातात आलं. लहान मूल कडेवर येतं तसं सहज येऊन बसलं.

"हे काय?"

"नवी पावडर. दाट. पूर्वी दोन चमचे लागायचे, आता एकात बादलीभर कपडे. पुडी निम्मी झाली, खोकंही निम्मं. लोक तेवढंच धुतात, ताई, पण हलकं उचलतात. आवडलंय सगळ्यांना."

मी उभ्या उभ्या हिशेब केला. हा हिशेब करायला मला बोटंही लागत नाहीत. गाडीत आता चोवीसशे. तीस हजार भागिले चोवीसशे.

"साडेबारा," मी म्हटलं.

"बरोब्बर! साडेबारा खेपा. बारा ठेकेदाराच्या." तो हसला. वाईट हसणारा माणूस नव्हता, पण त्या क्षणी मला ते खोकं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. "अर्धी गाडी उरते. ती पाठवायला अर्धा ड्रायव्हर कुठून आणू म्हणून नंतर बघू म्हणत होतो."

साबण दीडपटीहून जास्त खपत होता आणि गाड्या पंधरावरून साडेबारावर आल्या होत्या. मी हवेपणाच्या मागावर नेमकी गेले होते. हवेपणा वाढलाच होता. तो चिमूटभर जागेत मावायला शिकला होता, एवढंच मला दिसलं नव्हतं.

परत येताना काकांच्या दारात पुन्हा थांबले. राग कुणावर तरी काढायचा होता.

"काका, खोकं निम्मं झालंय हे सांगायचं नाही का?"

"तू आकडा विचारलास, आकडा दिला. माप विचारलं असतंस तर माप दिलं असतं." ते खरोखर गोंधळले होते. "आणि तुझ्या डोळ्यांसमोर तर गड्ड्या होत्या, पोरी!"

होत्या. सपाट, ताडपत्रीखाली, छतापर्यंत. मी उंची बघितली होती. रुंदी बघायची गरज मला सहा वर्षांत पडली नव्हती. खोकं म्हणजे तेच खोकं, गाडी म्हणजे बाराशे. बाहेरचा कुणी असता तर त्यानं आधी खोकं हातात घेऊन बघितलं असतं. ही चूक करायला माणूस आमच्याच आवारात वाढलेला लागतो.

मग मी वजनकाट्यावर गेले. पाय आपोआप गेले. लाज मागे राहिली होती, ती घर जवळ आल्यावर गाठणार होती.

काट्यावरच्या बाई खिडकीत बसल्या होत्या, केस पांढरे, चष्मा दोरीला. बाहेर भरलेली गाडी तोलली जात होती. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी चिठ्ठी लिहीत होती. ती खुर्ची बघितल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी मी विचारलं.

"बाई, ती जागा…"

"भरली हो. सोमवारीच भरली." त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "मी शनिवारी संध्याकाळपर्यंत तुमच्या भावाची वाट बघितली. बिचाऱ्याचं मन होतं, दिसत होतं. खुर्चीवर बसून बघितलं त्यांनी. पाठ टेकून बघितली. म्हणाले, बरी आहे."

"पण तो तर नाही म्हणाला ना तुम्हाला? शनिवारी?"

"नाही कुठं म्हणाले? म्हणाले, बहिणीला विचारून सांगतो. मग आलेच नाहीत."

बाहेर गाडी काट्यावरून उतरली आणि पुढची चढली. मुलीनं आकडा वाचला, लिहिला, चिठ्ठी फाडून दिली.  मागच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा मी बाजूला झाले.

दादा गाडीच्या सावलीत बसला होता. आज गाडी धुवायची राहिली होती. फडकं कोरडंच मांडीवर होतं. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, चमच्यापासून साडेबारापर्यंत. 

"आणि काट्यावर जाऊन आले," मी म्हटलं. "तू 'नाही' म्हणून सांगितलंच नव्हतंस."

"हं."

"का?"

"नाही म्हणायला गेलो असतो तर हो म्हणून आलो असतो." त्यानं फडक्याची घडी केली, मोडली. "मग तुझा आकडा खोटा पडला असता."

"तो पडलाच, दादा!"

"मला काय ठाऊक? तुझे आकडे पडत नाहीत."

"तू मला एकदा बोलायचंस तरी. की मला ती खुर्ची हवीय."

आता त्याचा आवाज चढला. सतरा दिवस बादलीत साठलेला सगळा राग एकदम उपडा झाला.

"तू विचारलंस? सगळ्या गावाला काय हवंय ते तू विचारत फिरतेस. कुणाला फरशी हवीय, कुणाला वह्या हव्यात, कुणाच्या घरी साबण संपलाय! घरात एक माणूस बसलाय समोर, भात खातोय, त्याला विचारलंस कधी? मी घास हातात घेऊन बसलो होतो आणि तू तीस हजार म्हणालीस."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं आता एखादी ओळ येईल, आणि येऊ दे, असंही वाटलं. आली नाही.

"चुकलं," मी म्हटलं.

"नुसतं तुझं नाही," तो म्हणाला, पण रागातच म्हणाला. मग गाडीच्या दाराला धरून उठला. मनात तीन मोजले. "त्या अर्ध्या गाडीचं काय?"

"काय काय?"

"उद्या न्यायची म्हण त्याला. अर्धी तर अर्धी. उभ्या गाडीला डिझेल लागत नाही, पण माणसाला लागतं."

"तुझी पाठ? अर्ध्या गाडीला तो हमाल देणार नाही, दादा. भरायचं आपणच."

"आपण म्हणजे कोण?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून त्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसले, तेव्हा त्याला उत्तर मिळालं. सहा वर्षं या गाडीला माल शोधत होते, मालासकट कधी बसले नव्हते.

नंतर-बघू आम्हाला बघून दचकला. "आज?"

"आजच," दादा म्हणाला. "नंतर नाही."

बाराशे लहान खोकी. एकेक हलकं, पण बाराशे म्हणजे बाराशे. शंभर झाली तेव्हा माझे खांदे बोलायला लागले, तीनशेला बोंबलायला लागले. दादा हौद्याच्या टोकाशी उभा राहून, पाठ फळीला लावून, मला सूचना देत होता. त्याला वाकायचं नव्हतं आणि गप्पही बसायचं नव्हतं.

"तिरकी लागतायत."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर सरळ लाव. वळणावर गडगडतील. आधी तळ पूर्ण कर, मग वर चढ. तू लगेच वर कशाला निघालीस?"

"दादा, तुझी पाठ दुखतेय, तोंड नाही, हे कळतंय मला."

"सांध्यावर सांधा येऊ देऊ नकोस. विटा बघितल्या नाहीस कधी? भिंत कशी लावतात?"

"मी टेबलावर बसते!"

"तेच तर म्हणतोय."

पाचशेव्या खोक्याला मी खालीच बसले. घाम डोळ्यांत गेला होता. दादानं पाण्याची बाटली पुढं केली आणि प्रथमच दुसरीकडे बघत, हळू बोलला.

"काट्यावर पुढची जागा निघाली की मी जाणार आहे. बाईंना मीच सांगून ठेवणार, आज परत येताना. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"नाही बोलत."

"अंदाज पण नाही सांगायचास. की अमकी महिनाभरात निघेल, तमकी दोन महिन्यांत निघेल."

माझ्या मनात आलंच होतं. ती मुलगी तरुण होती, बोटात नवी अंगठी होती, लग्न करून दुसऱ्या गावी गेली तर… मी पाण्याबरोबर ते गिळलं.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"गाडीचं तू बघ. चालवायला कुणी शोध नाहीतर विकायचं ठरव. तुला काय हवंय ते मी विचारतोय."

मला काय हवंय, हे मला सांगता येईना. सातशे खोकी अजून खाली होती आणि सूर्य वर चढत होता.

"आत्ता मला हे संपायला हवंय," मी म्हटलं.

"मग ऊठ," दादा म्हणाला. "आणि ती तिसरी रांग काढ. पुन्हा तिरकी लावलीयस."